नावांची यादी कुणाकडेच नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तारण (म्हणजे पापातून सुटका), पूर्वनियोजन (म्हणजे कुणाला तारायचे हे देवाने आधीच ठरवले आहे ही शिकवण) आणि माणसाची स्वतंत्र इच्छा या ख्रिस्ती वादावर एक लेख आला होता. विषय घेतला याचा मला आनंद झाला, कारण आमच्या मंडळ्यांबाहेर, म्हणजे चर्चबाहेर, मराठीत त्यावर फारसे कुणी लिहीत नाही. पण लेख वाचून झाल्यावर जीव अस्वस्थ झाला. लेखक म्हणतात, सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याला मानणारे ख्रिस्ती 'कपाळी लिहिले तेच होणार' म्हणून हातावर हात ठेवून बसतात, आणि त्यांच्या विरुद्ध बाजूचे ख्रिस्ती स्वतःच्या पुण्याईवर तारण मिळवू पाहतात. ही दोन्ही विधाने खरी नाहीत.

मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. पस्तीस वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली आणि जवळजवळ तितकीच वर्षे संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवले. मात्र हा वाद माझ्या घरात राहिलेला आहे. माझे वडील कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक होते. देवाने जगाच्या स्थापनेपूर्वी आपल्या लोकांना निवडले, ही शिकवण त्यांच्या हाडीमासी भिनलेली होती. लग्न होऊन गेले ती मेथडिस्ट घरात. सासूबाई मेथडिस्ट पंथाचा संस्थापक, अठराव्या शतकातला इंग्लिश उपदेशक जॉन वेस्ली याच्या शिकवणीत वाढलेल्या. 'ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला, कुणालाही दार बंद नाही,' हे त्यांचे नेहमीचे वाक्य. वडील आणि सासूबाई एकत्र बसले की बायबलातल्या रोमकरांस पत्राचा, देवाच्या निवडीवरचा, नववा अध्याय निघायचा आणि चहा गार व्हायचा.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहिते आहे ती सांगते. माझा धाकटा भाऊ दारूने गेला. वय एकेचाळीस. त्याच्या अंत्यविधीला बाहेरून आलेल्या एका उपदेशकाने कबरीजवळ उभे राहून सांगितले, की जो निवडलेला असतो तो असा मरत नाही, झाड फळावरून ओळखावे. आई तिथेच खाली बसली. वडील काही बोलले नाहीत. सगळे पांगल्यावर ते त्या गृहस्थांजवळ गेले आणि म्हणाले, "मी चाळीस वर्षे पूर्वनियोजन शिकवतोय. नावांची यादी मला कुणी दाखवलेली नाही. तुम्हाला कुणी दाखवली?"

हे वाक्य त्या वेळी मला फक्त दुखावलेल्या बापाचे वाटले. पुढे वाचत गेले तेव्हा कळले, की त्या वाक्यामागे पूर्वनियोजन शिकवणाऱ्यांचीच जुनी परंपरा उभी आहे. पूर्वनियोजनाचा सर्वांत मोठा प्राचीन शिक्षक म्हणजे चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप संत ऑगस्टीन. त्याने उतारवयात लिहिले आहे, की कोण निवडलेल्यांत आहे आणि कोण नाही हे आपल्याला ठाऊक नसल्यामुळे सगळ्यांचे तारण व्हावे अशीच इच्छा आपण धरली पाहिजे. कॅल्व्हिनने हाच उतारा आपल्या ग्रंथात आदराने घेतला आहे. देवाच्या गुप्त ठरावात डोकावणाऱ्याला तो चक्रव्यूहात शिरणारा म्हणतो. बाहेर पडायची वाट मिळणार नाही, असे बजावतो. मग मी निवडलेला आहे की नाही हे कळायचे कसे? त्याचे उत्तर आहे, ख्रिस्ताकडे पाहा. तो आरसा आहे, त्याच्यातच आपली निवड पाहायची. वेस्टमिन्स्टर विश्वासकबुली १६४६ साली तयार झाली आणि जगभरच्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांनी मानली. तिच्या तिसऱ्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे, की पूर्वनियोजनाची ही गूढ शिकवण विशेष विवेकाने आणि काळजीने हाताळावी. कबरीजवळच्या त्या गृहस्थांनी ती कुऱ्हाडीसारखी हाताळली.

लेखकांच्या 'हातावर हात' या शब्दांकडे वळते. वडिलांकडे एक जाड वही होती. तिच्यात नावे होती आणि रोज रात्री ते त्या नावांसाठी प्रार्थना करत. भावाचे नाव पहिल्या पानावर. मी कॉलेजात असताना तोऱ्यात विचारले होते, "सगळं आधीच ठरलंय ना, मग ही वही कशाला?" ते शांतपणे म्हणाले, "बाळ, माझी प्रार्थनाही ठरलेली असेल. शेवट ठरवणाऱ्याने वाट ठरवली नसेल का?" नशीबवाद आणि पूर्वनियोजन यांच्यातला फरक इथेच आहे. नशीब म्हणते, औषध घे किंवा घेऊ नको, व्हायचे ते होणारच. पूर्वनियोजनाची शिकवण म्हणते, देवाने बरे होणे ठरवले असेल तर औषधाच्या, डॉक्टरच्या, तुझ्या गिळण्याच्या मार्गानेच ठरवले आहे. वेस्टमिन्स्टर कबुलीत तर सरळ लिहिले आहे, की देवाच्या ठरावामुळे माणसाच्या इच्छेवर बळजबरी होत नाही. कॅल्व्हिनच्या ग्रंथाच्या १५५९ च्या शेवटच्या आवृत्तीत, तिसऱ्या भागात, निवडीवरचा अध्याय एकविसावा आहे. त्याच्या आधीचा विसावा अध्याय कशावर आहे? प्रार्थनेवर. वडिलांच्या मृत्यूनंतर हे माझ्या लक्षात आले तेव्हा वही आठवून डोळे भरून आले.

दुसऱ्या बाजूवर तर लेखात जास्तच अन्याय झाला आहे. याकोब आर्मिनियस हा डच धर्मगुरू, लायडन विद्यापीठातला प्राध्यापक, १६०९ मध्ये वारला. माणूस आपल्या बळावर देवाकडे वळू शकतो असे त्याने कधीच शिकवले नाही. पापात पडलेल्या माणसाची इच्छा कैदेत आहे, कृपेशिवाय तिला चांगले काही करता येत नाही, हे त्याला कॅल्व्हिनइतकेच मान्य होते. त्याचे म्हणणे वेगळ्या जागी होते. कृपा आधी येते, माणसाला उत्तर देण्याइतके मोकळे करते, आणि त्या कृपेला माणूस नकार देऊ शकतो. कोण विश्वास ठेवील हे देव आधीच जाणतो आणि त्यानुसार निवडतो. वेस्लीचीही शिकवण हीच. पुण्याई शब्द सासूबाईंच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. "मी काय केलं? हात पुढे केला. भिकारी हात पुढे करतो म्हणून दान त्याचं होतं का?" असे त्या म्हणत.

माणूस पापाशिवाय जगू शकतो, इच्छाशक्ती त्याला पुरेशी आहे, असे खरोखर म्हणणारा होता पेलाजियस, पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा एक धर्मशिक्षक. ऑगस्टीनच्या आत्मनिवेदनात एक प्रार्थना आहे: तू जी आज्ञा करतोस ती पाळायचे बळ दे आणि मग हवी ती आज्ञा कर. रोममध्ये कुणी हे वाक्य वाचून दाखवले तेव्हा पेलाजियसला ते सहन झाले नाही, असे ऑगस्टीनच सांगतो. पेलाजियसची भीती मला समजते. बळही देवानेच द्यायचे असेल तर आळशी माणसाला सबब मिळते, असे त्याला वाटले असावे. पण ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने त्याची शिकवण नाकारली. पुढे ५२९ मध्ये ऑरेंजच्या धर्मसभेने कृपाच आधी येते हे पुन्हा सांगितले; पण कुणाला वाईटासाठी देवानेच नेमले आहे असे कुणी म्हणत असेल तर त्याचा तीव्र निषेधही केला. म्हणजे आजच्या भांडणातल्या दोन्ही बाजू पेलाजियसच्या विरुद्ध काठावर उभ्या आहेत. ही गोष्ट लेखात यायला हवी होती.

एक तपशिलाची चूकही दुरुस्त करावी. 'कॅल्व्हिनने मांडलेली पाच सूत्रे' असे लेखात छापले आहे. कॅल्व्हिन १५६४ मध्ये वारला. आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमांचे हरकतपत्र दिले आणि त्याला उत्तर म्हणून हॉलंडमधल्या डॉर्टच्या धर्मसभेने १६१८-१९ मध्ये आपले निर्णय दिले. पाचाचा आकडा आला तो विरोधकांच्या कलमांमुळे. आणि त्या पाचांचे 'ट्यूलिप' हे आद्याक्षरी नाव इंग्रजीतले, विसाव्या शतकातले आहे. डॉर्टला जमलेल्या मंडळींना ते ठाऊक असण्याची शक्यताच नाही.

डॉर्टचे नाव निघाले की मला मात्र आधी निर्णय आठवत नाहीत. धर्मसभा संपली त्याच महिन्यात, १३ मे १६१९ रोजी, हॉलंडचा मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्टचा हेगमध्ये शिरच्छेद झाला. तो आर्मिनियसच्या लोकांच्या पाठीशी उभा राहिला होता. त्यात राजकारणही मोठे होते, हे खरे. पण तो एकाहत्तर वर्षांचा होता, आज माझे वय आहे तितका. आणि मार खाणारे नेहमी एकाच बाजूचे होते असेही नाही. नवव्या शतकात गॉट्शाल्क नावाचा संन्यासी दुहेरी पूर्वनियोजन शिकवत होता, म्हणजे तारणासाठीही नेमणूक आणि नाशासाठीही. ८४९ मध्ये त्याला फटके मारले, स्वतःचे लेखन स्वतःच्या हाताने आगीत टाकायला लावले आणि मठात कोंडले. तो तिथेच सुमारे वीस वर्षांनी मेला. कृपेवरून भांडताना माणसांनी एकमेकांना इतकी थोडी कृपा दाखवावी, हे वाचताना मला रडू येते.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर ते पुस्तकांपेक्षा वॉर्डात आणि भावाच्या खोलीत तयार झाले. १५२४ मध्ये डच विद्वान इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने पुस्तक लिहिले आणि पुढच्याच वर्षी जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने त्याला उत्तर दिले, माणसाची इच्छा गुलाम आहे म्हणून. ल्यूथर म्हणतो, माणसाची इच्छा स्वारीच्या जनावरासारखी आहे. देव बसला तर देव नेईल तिकडे जाते, सैतान बसला तर सैतान नेईल तिकडे, आणि स्वार निवडणे तिच्या हातात नाही. हे वाचले तेव्हा भाऊ डोळ्यांसमोर आला. "ताई, उद्यापासून नाही," असे तो शपथेवर म्हणायचा. तो खोटे बोलत नव्हता. म्हणताना त्याला खरोखर सोडायची असायची. तिसऱ्यांदा उपचार घेऊन घरी आला तेव्हा अकरा दिवस टिकला. बाराव्या दिवशी हात थरथरत होते आणि तोंडाने तो नाही नाही म्हणत होता, पाय मात्र बाहेर निघाले होते. इच्छा स्वतंत्र आहे असे ज्यांना सहज म्हणता येते, त्यांनी असा माणूस जवळून पाहिलेला नसतो. ल्यूथरने पाहिला होता, आरशात.

पण इरॅस्मसचाही एक दृष्टांत आहे आणि तो मला सोडवत नाही. बाप लहान मुलाला समोर सफरचंद दाखवतो. मूल अजून चालत नाही. ते पडते, बाप उचलतो, हात धरतो, तोल सावरतो, आणि शेवटी सफरचंद त्याच्या हातात ठेवतो. मुलाने यातले काय मिळवले? जवळजवळ काहीच नाही. तरी मूल धावले होते, हे खोटे नाही. शस्त्रक्रियेनंतर मी शेकडो रुग्णांना पहिल्यांदा चालवले आहे. बखोटीला धरून, अर्धे वजन स्वतःवर घेऊन. काही जण पाऊल उचलायचे, काही अंग टाकून द्यायचे. पाऊल उचलणाऱ्याला मी कधी म्हटले नाही की तू स्वतःच्या बळावर चाललास. पण अंग टाकणाऱ्याला मी ओढत नेऊन चालवले असेही म्हणता येणार नाही.

म्हणून मी सासूबाईंच्या बाजूला थोडी अधिक झुकते. कृपा नाकारता येते, असे मला वाटते. येशू यरुशलेमेला उद्देशून कळवळून म्हणाला, कोंबडी पिलांना पंखांखाली गोळा करते तसे तुम्हाला गोळा करायची माझी किती वेळा इच्छा होती, पण तुमची नव्हती. हे शब्द मला ओलांडता येत नाहीत. वडील त्यावर योहानाच्या सहाव्या अध्यायातले वचन पुढे करत, की पित्याने ओढल्याशिवाय कुणी माझ्याकडे येऊ शकत नाही. तेही मला ओलांडता येत नाही. प्रेषित पौल फिलिप्पैच्या मंडळीला लिहितो तेव्हा एकाच दमात म्हणतो, भीत व कापत आपले तारण साधून घ्या, कारण इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्या ठायी देवच घडवतो. पौलाला त्या दोन अर्ध्यांच्या मध्ये 'पण' घालावासा वाटला नाही, 'कारण' घालावेसे वाटले.

कुंभाराचेही तसेच. रोमकरांस पत्रातला कुंभार सगळ्यांना माहीत असतो: मातीने कुंभाराला जाब विचारू नये, एकाच गोळ्यातून तो मानाचे भांडे करील आणि दुसरे साध्या वापराचे. लेखातही तोच आहे. पण यिर्मया संदेष्टा कुंभाराच्या घरी गेला होता तो अठरावा अध्याय फार कमी लोक काढतात. तिथे हातातले भांडे बिघडते आणि कुंभार त्याच मातीचे दुसरे भांडे करतो, आणि देव म्हणतो, राष्ट्र आपल्या दुष्टाईपासून वळले तर मी ठरवलेल्या अरिष्टापासून परत फिरेन. वडिलांनी या अध्यायावर उपदेश केला तो भाऊ पहिल्यांदा रुग्णालयातून घरी आला त्या आठवड्यात. सासूबाईही ऐकायला आल्या होत्या. घरी जाताना म्हणाल्या, "आज तुझे बाबा मेथडिस्ट झाले."

मतभेद असूनही माणसे कशी वागू शकतात, तेही वाचकांना कळावे. वेस्लीचा मित्र आणि उपदेशक जॉर्ज व्हाइटफिल्ड पूर्वनियोजन मानणारा, वेस्ली त्या शिकवणीचा कडवा विरोधक. १७३९ मध्ये वेस्लीने मोकळ्या कृपेवरचा आपला उपदेश छापला आणि व्हाइटफिल्डने पत्र लिहून त्याला जाहीर उत्तर दिले. मित्र दुरावले, पुढे पुन्हा जवळ आले. १७७० मध्ये व्हाइटफिल्ड वारल्यावर लंडनमधला त्याचा स्मृती-उपदेश वेस्लीने केला. चौदा वर्षांनी चार्ल्स सिमियन हा तरुण पाळक म्हाताऱ्या वेस्लीला भेटला. त्याने एकामागून एक प्रश्न विचारले: देवाने मनात घातले नसते तर आपण त्याच्याकडे वळला असता का? स्वतःच्या कोणत्याही कामावर भरवसा आहे का? शेवटपर्यंत तोच सांभाळील ना? वेस्लीच्या प्रत्येक उत्तरात ख्रिस्ताशिवाय कशाचाच आधार नव्हता. सिमियन म्हणाला, मग माझा कॅल्व्हिनवाद तो एवढाच. रोमन कॅथलिक मंडळीतही डॉमिनिकन आणि जेझुइट हे दोन धर्मसंघ याच प्रश्नावर वर्षानुवर्षे भांडले; १६०७ मध्ये पोप पाचव्या पॉलने कुणालाच विजयी ठरवले नाही. दोन्ही बाजूंना घरी पाठवले आणि एकमेकांना पाखंडी म्हणायचे नाही अशी ताकीद दिली. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

शेवटी एका बाईबद्दल. प्रसूती वॉर्डात माझी रात्रपाळी होती. तिचे बाळ चार तास जगले. पहाटे तिने मला विचारले, "सिस्टर, माझं बाळ निवडलेल्यांत असेल का?" कुणीतरी तिला लहानपणी हे शिकवलेले होते. वेस्टमिन्स्टर कबुलीच्या दहाव्या अध्यायात बालपणी मरणाऱ्या 'निवडलेल्या बालकांचे' तारण होते असे शब्द आहेत, आणि त्या एका विशेषणाने किती आयांची झोप उडवली असेल! डॉर्टच्या धर्मसभेने मात्र सांगितले होते, की विश्वासी आईबापांनी बालपणी गेलेल्या आपल्या लेकरांच्या निवडीबद्दल शंका घेऊ नये. आणि अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळीने १९०३ मध्ये अधिकृत निवेदन काढून स्पष्ट केले, की बालपणी मरणारी सगळीच बालके तारली जातात असे आम्ही मानतो. त्या रात्री मला यातले काहीच माहीत नव्हते. मी तिला म्हटले, "येशूने बाळांना जवळ घेतलं तेव्हा आधी चौकशी केली नव्हती." नंतर वडिलांना घाबरत विचारले, की मी शिकवणीबाहेरचे बोलले का? ते म्हणाले, "याहून बरं मलाही सुचलं नसतं."

माझी विनंती दोन बाबतींत आहे. पाच सूत्रांबद्दलची चूक कृपया पुढच्या रविवारी दुरुस्त करावी. आणि लेखकांनी दुसरा भाग लिहायचे ठरवले असेल, तर आर्मिनियसचे म्हणणे त्याच्या विरोधकांच्या शब्दांत न देता त्याच्या स्वतःच्या शब्दांत द्यावे. वडिलांची वही माझ्याकडे आहे. मेलेल्यांसाठी प्रार्थना करणे त्यांच्या शिकवणीत बसत नव्हते आणि त्यांनी ती केली नाही. पण इतर दिवंगतांच्या नावांवर त्यांनी पेन्सिलीने बारीक रेघ मारलेली आहे, आणि पहिल्या पानावरचे भावाचे नाव तसेच आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)